जुन्या मोटारीची रास्त किंमत आणि आपले ईमान



घर आणि दागिने यांच्या खालोखाल मध्यमवर्गीय कुटुंबाची मोठी रक्कम गुंतते ती वाहनात. नवी मोटार घेताना किंमत छापील असते. जुनी मोटार घेताना किंवा विकताना मात्र दोन माणसे समोरासमोर बसतात आणि किंमत त्यांच्या बोलण्यातून ठरते. एकाला गाडीची खरी अवस्था ठाऊक असते, दुसऱ्याला कदाचित बाजार अधिक ठाऊक असतो. प्रत्येकाच्या हातात असे काही ज्ञान असते, जे दुसऱ्यापाशी नाही. त्या ज्ञानाचे काय करायचे, हा प्रश्न यांत्रिकी जितका आहे तितकाच ईमानाचाही आहे. नमाज, रोजा यांविषयी आपण सतत विचारतो. परंतु ‘ही गाडी मी या किमतीला घेतली, ते योग्य झाले का?’ असे विचारणारे थोडे. या पाठात तोच प्रश्न कुरआन, हदीस आणि फिक्हच्या प्रकाशात, आणि बाजारातील प्रत्यक्ष व्यवहाराला धरून समजून घेऊ या.

एक उदाहरण समोर ठेवू या

समजा, कोकणातील एका गावात एका भगिनीचे पती वारले. मागे दोन अल्पवयीन मुले आहेत, एक मुलगा व एक मुलगी. पतीचे आईवडील हयात नाहीत. अंगणात उभी आहे ती पतीच्या हौसेची मोटार : स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०. दिसायला ही चार दारांची कौटुंबिक सेडान. पण तिचे दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन २३० अश्वशक्तीचे, चाके १८ इंची आणि गिअरबॉक्स दोन क्लचचा स्वयंचलित. २०१७ साली भारतात मर्यादित संख्येने आलेली ही गाडी तेव्हा शोरूमच्या दराने चोवीस लाखांच्या पुढे होती.

इद्दतचे चार महिने दहा दिवस संपल्यावर मोहल्ल्यातील एक परिचित येतात आणि म्हणतात, “भाभी, गाडी उभी राहून खराब होत चालली आहे. पेट्रोल खूप खाते, आता कोणी घेणार नाही. मी आठ लाख देतो, रोख.” भगिनीला किंमत ठाऊक नाही. परिचितांना ती पुरेपूर ठाऊक आहे. भगिनी मनाने राजी होते आणि हो म्हणते.

या व्यवहारात जबरदस्ती नाही, चोरी नाही, उघड खोटेही जवळजवळ नाही. तरीही हा व्यवहार हलाल आणि पवित्र झाला का? उत्तर शोधताना हे उदाहरण शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

किंमत बाजार ठरवतो, पण कोणत्या अटीवर?

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मदीना शहरात एकदा भाव चढले. लोकांनी दर बांधून देण्याची विनंती केली. आपण (स.) तसे करण्यास नकार दिला आणि भावांचा चढउतार अल्लाहच्या हाती असल्याचे सांगून, आपल्यावर कोणाच्या जिवाचा वा मालाचा अन्याय राहू नये, अशी इच्छा व्यक्त केली. ही हदीस हजरत अनस (रजि.) यांच्याकडून अबू दाऊद व तिर्मिजी यांत आली आहे. यावरून दिसते की मुक्तपणे घडणाऱ्या सौद्यांतून उतरलेला भाव इस्लामला मान्य आहे.

नफ्यालाही शरीअतने ठराविक टक्क्यांची सीमा घातलेली नाही. हजरत उरवा बारिकी (रजि.) यांना आपण (स.) एक दीनार देऊन बकरी आणण्यास पाठविले. त्यांनी त्यात दोन बकऱ्या घेतल्या, एक बकरी एका दीनारला विकली आणि बकरी व दीनार दोन्ही घेऊन परतले. आपण (स.) त्यांच्या व्यापारात बरकत यावी म्हणून दुआ केली. ही हदीस बुखारीत आहे.

मात्र हे स्वातंत्र्य एका अटीवर आहे. दोन्ही पक्षांना आपण काय देत आहोत व काय घेत आहोत हे कळलेले असावे. सूरह निसाच्या २९ व्या आयतीत एकमेकांचा माल अन्यायाने खाण्यास मनाई करून परस्परांच्या राजीखुशीने होणाऱ्या व्यापाराला मुभा दिली आहे. राजीखुशी म्हणजे केवळ तोंडाने ‘हो’ म्हणणे नव्हे. ज्याला वस्तुस्थिती ठाऊकच नाही, त्याची संमती अपुरी असते.

म्हणूनच आपण (स.) बाजारात येणाऱ्या काफिल्यांना वाटेतच गाठून त्यांचा माल खरेदी करण्यास मनाई केली, कारण शहरातला भाव त्यांना अजून कळलेला नसतो. असा सौदा झालाच, तर बाजारात पोहोचल्यावर विक्रेत्याला तो मोडण्याचा अधिकार दिला. आपल्या उदाहरणातील भगिनी आणि वाटेत गाठलेला तो काफिला यांच्या स्थितीत कितीसे अंतर आहे?

‘गब्न’ : फरक किती झाला म्हणजे अन्याय?

फिक्हमध्ये किमतीतील तोट्याला ‘गब्न’ म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. ‘गब्न यसीर’ म्हणजे किरकोळ फरक. तो प्रत्येक सौद्यात असतो आणि त्यावरून कोणी कोणाला दोष देत नाही. ‘गब्न फाहिश’ म्हणजे ढळढळीत फरक.

दोहोंमधली रेषा कोठे ओढायची, याचे हनफी फकीहांनी दिलेले उत्तर मोठे व्यवहारी आहे. वस्तू काही जाणकारांना दाखवावी. त्यांनी सांगितलेल्या निरनिराळ्या किमतींच्या टप्प्यात सौदा बसत असेल, तर फरक किरकोळ. त्या टप्प्याच्या बाहेर गेला, तर फाहिश. तीन जाणकारांनी एका गाडीची किंमत साडेदहा, अकरा आणि साडेअकरा लाख सांगितली, तर साडेदहाचा सौदा वाजवी आहे आणि साडेअकराचाही. रास्त किंमत म्हणजे एक आकडा नव्हे, तो एक पट्टा असतो. हे ध्यानात आले की घासाघीस करण्यातील संकोचही जातो आणि तिची मर्यादाही कळते.

उस्मानी राज्यात १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या हनफी कायदेसंहितेने यासाठी आकडेही दिले : सामान्य मालात विसावा हिस्सा, जनावरांत दहावा आणि स्थावर मालमत्तेत पाचवा. हे आकडे फकीहांच्या अंदाजाचे आहेत, कुरआन-हदीसने घातलेली मर्यादा नव्हे. तरीही मोजपट्टी म्हणून ते उपयोगी पडतात.

त्याच संहितेत आणखी एक बारकावा आहे. फसवणूक नसेल, तर केवळ मोठ्या तोट्यामुळे प्रौढ माणसाचा सौदा मोडता येत नाही. फसवणूक असेल, तर मोडता येतो. आणि माल अनाथाचा, वक्फचा किंवा बैतुलमालचा असेल, तर फसवणूक नसली तरी ढळढळीत तोट्याचा सौदा ग्राह्य धरला जात नाही. या शेवटच्या वाक्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

मोटारीची किंमत कशी काढावी?

न्याय करायचा तर आधी माहिती हवी. अज्ञानातून केलेला अंदाज हा न्याय नव्हे. म्हणून मूल्यमापनाची रीत थोडक्यात पाहू.

पहिली पायरी म्हणजे तुलना. त्याच मॉडेलच्या, जवळपास त्याच वर्षाच्या व तेवढ्याच धावलेल्या गाड्या कितीला विकल्या गेल्या हे पाहावे. येथे लोक एक चूक करतात. जाहिरातीतील आकडा ही मागणी असते, किंमत नव्हे. गाडी प्रत्यक्षात कितीला सुटली हे दोनतीन व्यापाऱ्यांना आणि ते मॉडेल बाळगणाऱ्यांना विचारावे. विम्याच्या कागदावरील मूल्य, ज्याला आयडीव्ही म्हणतात, तेही बाजारभाव नव्हे. ते घसाऱ्याच्या कोष्टकावरून येते. जुन्या मोटार-दरपत्रकात चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा धरलेला आहे आणि पाच वर्षांपुढे ते मूल्य मालक व विमा कंपनी आपसांत ठरवतात. ते सुरुवातीचा ठोकताळा म्हणून पाहावे, इतकेच.

स्पोर्ट्स सेडानच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. अशा गाड्या संख्येने थोड्या, त्यामुळे तुलनेसाठी सौदेही थोडे. साध्या सेडानच्या घसाऱ्याने त्यांची किंमत काढली, तर मालकावर अन्याय होतो, कारण शौकीन ग्राहक त्यांना अधिक देतो. उलट ‘दुर्मीळ आहे’ एवढ्याच सबबीवर वाटेल तो आकडा मागितला, तर ग्राहकावर अन्याय होतो. पट्टा रुंद असला तरी त्याला दोन टोके असतातच.

दुसरी पायरी म्हणजे अवस्था तपासणे. गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असावे. थंड इंजिन सुरू होताना जे आवाज येतात, ते तापल्यावर लपतात. अधिकृत सर्व्हिसच्या नोंदी मागवून किलोमीटरचा क्रम जुळतो का ते पाहावे. मीटर चाळीस हजार दाखवत असेल आणि पेडलचे रबर, स्टिअरिंगचे कातडे व चालकाची सीट झिजून गुळगुळीत झाली असेल, तर शंका घ्यावी. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते. ३५२१ म्हणजे २०२१ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला टायर. चारही टायर वेगवेगळ्या काळातले असतील, तर कारण विचारावे. रंगाची जाडी मोजणारे यंत्र लावले की अपघातानंतर पुन्हा रंगवलेला भाग कळतो.

जुलै २०२१ च्या महापुरात महाड-चिपळूण भागात असंख्य वाहने पाण्याखाली गेली. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का, स्टेपनीखाली गाळ आहे का, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजले आहेत का, हे आवर्जून पाहावे.

वेगवान गाडीत दोन गोष्टी विशेष तपासाव्यात. एक, दोन क्लचच्या गिअरबॉक्सचे तेल वेळेवर बदलले आहे का. या गाडीतील सहा गिअरच्या प्रकाराला ते साधारण ६० हजार किलोमीटरला बदलावे लागते. दुसरे, इंजिनाच्या संगणकात फेरफार करून शक्ती वाढवलेली आहे का. हौशी मालक असे करतात; त्याने क्लच व टर्बोवर भार येतो आणि वॉरंटी धोक्यात येते. परत मूळ स्थितीत आणून गाडी विकायची आणि याबद्दल मौन पाळायचे, हाही दोष लपवण्याचाच प्रकार आहे.

तिसरी पायरी कागदपत्रांची. आरसीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ हवा. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. परराज्यातील गाडी असेल, तर तिकडच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि येथे पुन्हा भरावा लागणारा मार्गकर हिशेबात धरावा. दिल्ली परिसरात डिझेल गाड्यांना दहा व पेट्रोल गाड्यांना पंधरा वर्षांची मर्यादा घातली गेली. त्यामुळे तिकडच्या जुन्या गाड्या स्वस्त दिसतात, पण येथे आणेपर्यंतचा खर्च जोडला की ती स्वस्ताई बरीच विरते. थकलेले दंड ऑनलाइन पाहता येतात. विम्यातील नो-क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. म्हणून ‘पन्नास टक्के बोनस आहे’ या शब्दावर गाडीची किंमत वाढवणे किंवा वाढवू देणे चुकीचे आहे.

आता हिशेब मांडू. आकडे केवळ पद्धत कळावी म्हणून घेतले आहेत. समजा, भगिनीच्या गाडीसारख्या, नीट राखलेल्या गाड्या १२ ते १३ लाखांना विकल्या गेल्या. त्यांच्या तुलनेत हिच्यात उणे काय? टायर संपलेले, ५६ हजार. गिअरबॉक्सचे तेल व मोठी सर्व्हिस, ३४ हजार. पुढचे ब्रेक, ३० हजार. विमा संपलेला, ३० हजार. एकूण दीड लाख. म्हणजे रास्त पट्टा साडेदहा ते साडेअकरा लाख, मध्य अकरा लाख.

येथेही एक सावधानता हवी. ज्या गाड्यांशी तुलना केली, त्यांच्यातही टायर अर्धे झिजलेले असतील, तर पूर्ण नव्या टायरचे पैसे कापणे योग्य नाही. एकच झीज दोनदा कापली जाते आणि घेणाऱ्याचे पारडे नकळत जड होते.

विकणाऱ्यासाठी : ओले धान्य वर ठेवा

आपण (स.) एकदा बाजारात धान्याच्या राशीपाशी थांबले आणि हात आत घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. आपण (स.) विचारले की मग भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस? आणि जो फसवतो तो आमच्यातला नाही, असे बजावले. मुस्लिम शरीफमधील ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा एक पैलू मात्र निसटतो. त्या विक्रेत्याने धान्य भिजवले नव्हते. दोष निसर्गाचा होता. गुन्हा होता तो दोष खाली ठेवण्याचा.

हजरत उक्बा बिन आमिर (रजि.) यांच्याकडून इब्ने माजामध्ये आलेल्या हदीसनुसार, दोष असलेली वस्तू तो दोष न सांगता आपल्या मुस्लिम बंधूला विकणे हलाल नाही. यावरून कोणी असा अर्थ काढू नये की बिगरमुस्लिम ग्राहकाला फसवले तर चालते. अमानत आणि न्याय यांत ग्राहकाचा धर्म विचारला जात नाही, आणि धान्याच्या राशीजवळून जाणारे सगळेच काही मुसलमान नव्हते.

बुखारी व मुस्लिममध्ये आणखी एक मनाई आहे : विकण्यापूर्वी काही दिवस जनावराचे दूध न काढता कास फुगवू नये. असे जनावर घेतलेल्याला तीन दिवसांत ते ठेवण्याचा वा परत करण्याचा अधिकार दिला आहे. आजची फुगवलेली कास कोणती? मागे फिरवलेला मीटर, गळती झाकण्यासाठी धुऊन काढलेले इंजिन, इशाऱ्याचा दिवा विझवून आणलेला डॅशबोर्ड. साधने बदलली, गुन्हा तोच आहे.

पूर्वसूरींची दक्षता पाहिली म्हणजे आपली आपल्यालाच लाज वाटते. इमाम गझाली (रह.) यांनी ‘इह्या’मध्ये हजरत वासिला बिन अस्का (रजि.) यांचा प्रसंग दिला आहे. एका माणसाने तीनशे दिरहमला उंट विकला. वासिला तेथे होते, पण त्यांचे लक्ष नव्हते. ग्राहक निघून गेल्यावर ते त्याच्या मागे धावले आणि विचारले, उंट मांसासाठी घेतला की स्वारीसाठी? स्वारीसाठी, असे कळताच त्यांनी सांगितले की याच्या खुरात छिद्र आहे, हा सलग दूरवर चालू शकणार नाही. ग्राहक परतला आणि विक्रेत्याला शंभर दिरहम कमी करावे लागले.

या प्रसंगात मूल्यमापनाचा एक महत्त्वाचा नियम दडला आहे. दोष हा वापराच्या संदर्भात ठरतो. गावात बाजारहाट करणाऱ्याला टर्बोची किंचित मंद झालेली ताकद जाणवणारही नाही. पण वेगवान गाडी म्हणून किंमत घेणाऱ्याने ती सांगितलीच पाहिजे, कारण ग्राहक पैसे त्या ताकदीचेच मोजत आहे. शिवाय वासिला (रजि.) हे विक्रेते नव्हते, केवळ साक्षीदार होते. तरीही त्यांनी मौन पत्करले नाही.

‘जशी आहे तशी’ या शब्दांत विकले की जबाबदारी संपते, असा समज आहे. हनफी फिक्हमध्ये दोषांची जबाबदारी न घेण्याच्या अटीवर विक्री होऊ शकते. शाफई फिक्हमध्ये, जे कोकणातील अनेक कुटुंबे पाळतात, तिला बरीच अधिक बंधने आहेत. परंतु आपल्याला ठाऊक असलेला दोष दडवण्यासाठी त्या शब्दांचा पडदा करणे प्रामाणिक माणसाला शोभत नाही.

घेणाऱ्यासाठी : लोकांच्या वस्तू हिणवू नका

फसवणूक म्हटले की आपल्याला विक्रेताच आठवतो. कुरआनने मात्र घेणाऱ्यालाही तितकेच खडसावले आहे. सूरह मुतफ्फिफीनच्या प्रारंभी, स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे यांच्या विनाशाची वार्ता आहे. हजरत शुऐब (अलै.) यांनी आपल्या कौमला माप-तोल पुरे करण्यास सांगितले आणि त्यासोबत लोकांच्या वस्तूंचे मोल कमी करू नका असेही बजावले (सूरह आराफ, आयत ८५). इमाम कुर्तुबी (रह.) यांनी येथील ‘बख्स’ या शब्दात दुसऱ्याच्या मालाला नावे ठेवून, तुच्छ लेखून त्याची किंमत पाडणेही समाविष्ट केले आहे. ‘ही गाडी आता कोणी घेणार नाही’ हे वाक्य ती गाडी घेण्यासाठी आतुर असलेल्याच्या तोंडी यावे, याला बख्स नाही तर काय म्हणावे?

भाव करणे मात्र निषिद्ध नाही. हजरत जाबिर (रजि.) यांचा थकलेला उंट प्रवासात मागे पडू लागला होता. आपण (स.) तो विकत मागितला आणि किंमत ठरवली. मदीनापर्यंत मीच त्यावर स्वार होईन, ही जाबिर यांची अटही मान्य केली. मदीनात पोहोचल्यावर ठरल्याहून अधिक मोबदला दिला आणि उंटही परत केला. भाव झाला, अट झाली आणि शेवट उपकाराने झाला.

याहून पुढचा आदर्श हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांचा आहे. त्यांनी प्रत्येक मुसलमानाचे हित चिंतण्याची प्रतिज्ञा आपण (स.) यांच्या हातावर केली होती. त्यांच्या सेवकाने एक घोडा तीनशे दिरहमला ठरवला आणि पैसे देण्यासाठी मालकाला घरी आणले. जरीर (रजि.) यांनी घोडा पाहिला व म्हणाले की तुझा घोडा यापेक्षा मोलाचा आहे, चारशेला देशील? मग पाचशे, मग पुढे. असे करत त्यांनी तो आठशेला घेतला. मालकाने तीनशे आनंदाने मान्य केले होते. कायद्याने सौदा पुरा होता. परंतु घोड्याची पारख जरीर यांना होती, मालकाला नव्हती, आणि आपली पारख त्याच्या नुकसानीसाठी वापरणे त्यांना प्रतिज्ञाभंग वाटले.

मध्यस्थ, बयाणा आणि हप्ते

दलाली कामाचा मोबदला म्हणून जायज आहे. परंतु मालकाला दहा लाख सांगून ग्राहकाकडून अकरा घेणे आणि मधला लाख गुपचूप ठेवणे ही खियानत आहे. आपली दलाली आधी उघड सांगावी. घेण्याचा विचार नसताना केवळ किंमत चढवण्यासाठी बोली लावणे म्हणजे ‘नजश’. त्याची मनाई बुखारी व मुस्लिममध्ये आली आहे. ‘कालच एक जण बारा देत होता’ असे खोटे सांगणे त्याच जातीचे. एकाचा सौदा ठरला असताना मध्ये शिरून अधिक बोली लावणेही मना आहे.

बयाणा घेऊन सौदा मोडल्यास तो जप्त करणे हनफी, मालिकी व शाफई फकीहांच्या मते योग्य नाही, इमाम अहमद (रह.) यांनी त्याला मुभा दिली आहे. म्हणून अट आधीच स्पष्ट लिहावी आणि शक्य तर रक्कम परत करावी. उधारीचा सौदा असेल, तर उठण्यापूर्वी एकच किंमत ठरवावी. हप्ता चुकल्यास रक्कम वाढवण्याची अट व्याजाकडे नेते. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीने उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यास व साक्षीदार करण्यास सांगितले आहे. नातेवाइकांतील व्यवहारात तर हे अधिकच पाळावे.

ज्याला पारख नाही, त्याच्यासाठीही वाट आहे. सौद्यांत वारंवार फसणाऱ्या एका सहाबींना आपण (स.) यांनी, व्यवहार करताना ‘फसवणूक नको’ असे आधीच सांगण्यास शिकविले. इतर रिवायतींत त्यांना तीन दिवसांची मुभा दिल्याचा उल्लेख आहे. आपणही गाडी विश्वासू मेकॅनिककडे दाखवण्यासाठी दोनतीन दिवसांची अट घालावी. यात संकोच कसला?

पुन्हा त्या अंगणात

आता त्या भगिनीकडे परत जाऊ. गाडीचा रास्त मध्य अकरा लाख, सौदा आठ लाखांचा. फरक तीन लाख, म्हणजे सत्तावीस टक्के. जाणकारांच्या पट्ट्याच्या तो कितीतरी बाहेर आहे. ‘मजल्ला’ने जमीनजुमल्यासाठी दिलेल्या पाचव्या हिश्शाच्या सैल मापातही तो मावत नाही.

आणि हा तोटा कोणाचा? गाडी पतीची होती. कर्ज व वसीयत यांचा हिशेब झाल्यावर ती तरका, म्हणजे वारशाची मालमत्ता झाली. सूरह निसानुसार अपत्ये असताना पत्नीचा हिस्सा एक अष्टमांश. तीन लाखांतील ३७ हजार ५०० रुपये तेवढे भगिनीचे. उरलेले २ लाख ६२ हजार ५०० रुपये मुलांचे : मुलाचे १ लाख ७५ हजार, मुलीचे ८७ हजार ५००. परिचितांना वाटले, भाभींशी फायद्याचा सौदा झाला. वस्तुतः त्यांनी दोन अनाथांच्या हिश्शात हात घातला. अनाथांचा माल अन्यायाने खाणारे आपल्या पोटात आग भरतात, हा इशारा सूरह निसाच्या दहाव्या आयतीत आहे. भगिनीने आनंदाने ‘हो’ म्हटले, ही सबब येथे लागू होत नाही, कारण मुलांच्या हिश्शावर खैरात करण्याचा अधिकार आईलाही नाही.

व्यवस्था कशी व्हावी? मालकाच्या मृत्यूनंतर आरटीओला तीस दिवसांत कळवावे लागते आणि फॉर्म ३१ भरून गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते. मगच ती विकता येते. दिवंगताच्या नावावरच कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देऊन टाकू नये. अल्पवयीन मुलांच्या हिश्शाचा वली कोण, याबाबत जाणत्या आलिमांचा व वकिलाचा सल्ला घ्यावा. किमान दोन-तीन जाणकारांकडून किंमत लिहून घ्यावी. विक्रीनंतर मुलांचे पैसे वेगळे ठेवून त्यांचा हिशेब लिहावा.

आणि परिचितांनी काय करावे? सौदा झाला असला तरी वाट बंद झालेली नाही. त्यांनी जाऊन सांगावे, “भाभी, मी किंमत कमी सांगितली होती. गाडी एवढ्याची आहे. उरलेली रक्कम घ्या, किंवा गाडी परत घ्या.” हे शब्द जड आहेत. परंतु ते येथे न उच्चारता आखिरतमध्ये नेले, तर तेथे फेड रुपयांनी होत नाही.

गाडी बाळगणे, ती सुंदर व वेगवान असणे यात मुळात दोष नाही. सूरह नहलच्या आठव्या आयतीत घोडे, खेचरे व गाढवे यांचा उल्लेख स्वारी आणि शोभा या दोन्ही प्रयोजनांसाठी आला आहे. मोठेपणा मिरवण्यासाठी घेतलेले वाहन ही वेगळी गोष्ट. परंतु त्या शोभेत कोणाचा हक्क अडकलेला नसावा.

बुखारी व मुस्लिममधील हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या हदीसचा आशय असा की घेणारा व विकणारा खरे बोलले आणि उघड बोलले, तर त्यांच्या सौद्यात बरकत येते, लपवले आणि खोटे बोलले, तर ती पुसली जाते. पुढच्या वेळी गाडीची किल्ली हाती घेताना किंवा देताना घरातल्या सर्वांनी मिळून स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मला ठाऊक असलेले समोरच्याला ठाऊक आहे का? ही किंमत जाणकारांच्या पट्ट्यात बसते का? मी त्याच्या जागी असतो, तर हा सौदा मला मान्य झाला असता का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर बिनघोर स्वाक्षरी करावी.

अल्लाह आपल्या सर्वांना घेताना व देताना न्यायाने वागण्याची तौफीक देवो आणि आपल्या कमाईत बरकत देवो. आमीन.